कमान बंद करू नका

आम्ही राहतो ती इमारत म्हणजे इंग्लंडमधलं एक जुनं इन, प्रवाशांची उतारशाळा. तिच्या कमानीच्या दोन्ही पायांशी गुडघाभर उंचीचे दोन दगड रोवलेले आहेत. घोडागाडी आत वळताना चाक भिंतीला घासू नये, म्हणून. डावीकडच्या दगडाला जमिनीपासून वीतभर वर एक गुळगुळीत खोबण आहे, तळहात बरोब्बर बसेल एवढी. चाकाच्या लोखंडी धावेनं ती पडली आहे. लंडनकडून येणाऱ्या गाड्या त्याच अंगानं आत वळायच्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या रहिवाशांच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. या कमानीला विजेवर चालणारं लोखंडी फाटक बसवायचं, आकडे दाबल्याशिवाय न उघडणारं. आम्ही सात घरं आहोत. त्यातली पाच फाटकाच्या बाजूनं आहेत. मी विरोधात आहे, आणि का ते सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण इंग्लंडमध्ये गावोगावी जुन्या इनची घरं होताहेत आणि आज ना उद्या हा प्रश्न त्या प्रत्येक कमानीपाशी येऊन उभा राहतो.

इन म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. नुसता पब म्हणजे इन नव्हे. प्रवाशांची उतारशाळा, खानावळ, घोडे बदलायची पागा, टपालगाडीचा थांबा आणि बऱ्याचदा गावाची चावडीसुद्धा, असं सगळं एका छपराखाली असायचं. लिलाव तिथे होत, निवडणुकीच्या सभा तिथे होत, न्यायदंडाधिकारी तिथेच बसत. ६ मे १७९५ रोजी बर्कशर परगण्याचे दंडाधिकारी न्यूबरीजवळच्या स्पीनहॅमलंडला पेलिकन इनमध्ये जमले आणि गरिबांना द्यायची मदत पावाच्या भावाला जोडण्याचा निर्णय त्यांनी घेतला. इंग्लंडच्या गरिबीविषयक कायद्यांच्या इतिहासात ज्याची चर्चा अजून संपलेली नाही, तो निर्णय एका इनच्या खोलीत झाला.

या सगळ्या कामांसाठी जी इमारत घडली, तिचं मर्म रस्त्यावरून दिसत नाही. मी पुण्यात वाड्यात वाढले. पहिल्यांदा या कमानीतून आत आले तेव्हा इथले आर्किटेक्ट वापरतात ते शब्द मला ठाऊक नव्हते, पण जागा ओळखीची वाटली. रस्त्याला लागून लांबट इमारत, तिच्या पोटातून आत जाणारी कमान, आत चौक, चौकाभोवती माडी, माडीला लाकडी कठड्याचा सज्जा आणि मागे पागा. लाकडी सांगाड्याची इमारत इथेही खणांनीच मोजतात. दोन खांबांच्या रांगांमधली जागा म्हणजे एक खण. आमची रस्त्याकडची बाजू पाच खणी आहे आणि मधला खण म्हणजे कमान.

ऑक्सफर्डचे इतिहासकार डब्ल्यू. ए. पँटिन यांनी मध्ययुगीन इनचे ढोबळ दोन प्रकार सांगितले. एक चौकाभोवती बांधलेला, दुसरा रस्त्याला तोंड करून एकसंध उभा राहिलेला, पोटात फक्त कमान ठेवून. पहिल्या प्रकाराचा सर्वांत देखणा नमुना ग्लॉस्टरचं न्यू इन. नावात ‘न्यू’ असलं तरी ते पंधराव्या शतकाच्या मध्यातलं आहे. तिथल्या सेंट पीटर मठाच्या जॉन ट्वाइनिंग नावाच्या साधूनं दुसऱ्या एडवर्ड राजाच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी ते बांधवून घेतलं. चौकाभोवती सज्जे आहेत, आणि खोल्यांची दारं त्या सज्ज्यांत उघडतात. दुसऱ्या प्रकारात सॉमरसेटमधलं नॉर्टन सेंट फिलिपचं जॉर्ज इन येतं. प्रकार कुठलाही घ्या, रस्ता इमारतीच्या आत शिरतो, हे दोन्हींत समान. माझ्या मते इनच्या वास्तुकलेचा गाभा हाच आहे. ओकचे खांब, तुळया, पुढे आलेली माडी, हे सगळं त्या काळच्या सावकाराच्या घरातही सापडतं. परक्या माणसाला थेट आत घेणारी कमान आणि त्याच्यासाठी मोकळा ठेवलेला चौक फक्त इनमध्ये सापडतो.

इनची घरं होऊच नयेत, असं मानणारे माझे काही मित्र आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते, आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. गावातला शेवटचा पब बंद झाला की संध्याकाळी एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जायला जागा राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे २०११ च्या कायद्यानं गावकऱ्यांना एखादा पब ‘सामाजिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवून तो विकला जाण्याआधी सहा महिन्यांची मुदत मागता येते, आणि २३ मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये नियोजन परवानगीशिवाय पबचं दुसरं काही करता येत नाही, या दोन्ही गोष्टींचं मी मनापासून स्वागत करते.

पण ज्या इनमध्ये शेवटचा पेला पंधरा वर्षांपूर्वी भरला गेला आणि त्यानंतर पन्हाळी तुंबून माडीवर पाणी साचतंय, तिथे ‘पबच हवा’ म्हणत बसणं म्हणजे लाकूड कुजू देणं आहे. आमच्या इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीवर कधीतरी कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती अडकते. दुरुस्तीच्या वेळी तो गिलावा उचकटला तेव्हा तळाची ओकची तुळई चहात बुडवलेल्या टोस्टसारखी हाताला लागली. साडेचारशे वर्षं टिकलेलं लाकूड काही दशकांत गेलं. इमारत वाचवायची तर तिच्यात कुणीतरी राहायला हवं, चूल पेटायला हवी, गळती लागल्याच्या दिवशीच कळायला हवी.

शिवाय इनचं रूपांतर ही काही आजची गोष्ट नाही. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी निघाली आणि पुढची पन्नास वर्षं हमरस्त्यांवरच्या इनची भरभराट झाली. मग रेल्वे आली. १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल लोहमार्ग पूर्ण झाला आणि लंडनहून बाथ शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची घोडागाड्यांची वर्दळ बघता बघता ओसरली. त्या रस्त्यावर मार्लबरोला कॅसल इन होतं. मुळात ते सॉमरसेटच्या ड्यूकचं घर, १७५१ पासून इन. रेल्वेनं त्याचं गिऱ्हाईक नेलं आणि १८४३ मध्ये तिथे मार्लबरो कॉलेज ही शाळा सुरू झाली. घराचं इन, इनची शाळा, आणि इमारत अजून उभी आहे. त्या शाळेत १८४८ ते १८५१ या काळात विल्यम मॉरिस शिकला. पुढे १८७७ मध्ये त्यानं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली आणि जुनी इमारत ‘मूळ रूपात’ आणण्याच्या हौसेपेक्षा रोजची छोटी डागडुजी श्रेष्ठ, हा विचार रुजवला. आज इंग्लंडमधला कुठलाही जाणता सुतार जुन्या खांबाचा फक्त कुजलेला भाग कापून तिथे नवं लाकूड सांधतो, त्यामागे तो विचार आहे. मॉरिसची शाळेतली काही वर्षं एका रूपांतरित इनच्या आवारात गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणजे घरं व्हायला माझी हरकत नाही. मी स्वतः तशा घरात राहते आहे. घरं कशी पाडली जातात, हरकत तिथे आहे.

इनचे भाग दोन तऱ्हांनी करता येतात. आडवे किंवा उभे. आडवे केले तर प्रत्येक मजल्यावर फ्लॅट होतात, जुना सज्जा सगळ्यांच्या येण्याजाण्याचा राहतो, मूळचा एक जिना पुरतो, आणि खोल्यांची दारं जिथे होती तिथेच राहतात. इन असंच तर चालायचं, खोलीचं दार सज्ज्यात आणि सज्ज्यातून जिना. उभे केले तर इमारत पावाच्या लादीसारखी कापली जाते. प्रत्येक कापाला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र जिना लागतो. जिना घालायचा म्हणजे माडीच्या तुळया कापायच्या, आणि शेजाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून प्रत्येक कापात जाड भिंत घालायची. सज्जा मध्येच भिंतींनी तुटतो, मग त्याला काचा लावून कुणी तिथे स्वयंपाकघर करतं, कुणी कपाट. आमचा सज्जा असाच सात तुकड्यांत गेला. माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यात वॉशिंग मशीन आहे. माझ्या मशीनच्या वर जी तुळई आहे, तिच्यावर सुतारानं कोरलेले रोमन आकडे आहेत, चारच्या जागी चार उभ्या रेघा. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जुळवायचा, सांध्यांना आकडे घालायचे, मग सुटा करून जागेवर आणून उभारायचा, अशी पद्धत होती. चारचा जोडीदार खांब आता शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे आहे. तो पाहायचा असेल तर मला त्यांचं दार वाजवावं लागतं.

मग बिल्डर उभेच काप का घेतात? इथे वास्तुकलेचा प्रश्न मालकीहक्काच्या कायद्यापाशी येऊन थांबतो, आणि वारसा वाचवण्याच्या चर्चांमध्ये तो भाग जवळजवळ कधीच येत नाही. इंग्लंडमध्ये जमिनीसकट विकलेलं घर साधारणपणे कायम मालकीचं असतं, फ्लॅट मात्र बहुधा भाडेपट्ट्यावर मिळतो. त्याचं कारण जुनं आहे. ‘छप्पर दुरुस्त ठेवीन’ असं वचन एका मालकानं दिलं तरी ते त्याच्यानंतर घर विकत घेणाऱ्यावर आपोआप बंधनकारक होत नाही. भाडेपट्ट्यात ते होतं. पण भाडेपट्ट्याबरोबर जमीनमालकाचं वार्षिक भाडं आणि देखभालीच्या खर्चावरून होणारे वादही आले. नव्या पट्ट्यांवरचं ते वार्षिक भाडं २०२२ च्या कायद्यानं बंद केलं, तरी लोकांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. त्यामुळे ‘स्वतंत्र दाराचं, मालकीचं घर’ म्हटलं की भाव वाढतो आणि फ्लॅट म्हटलं की उतरतो. तुळया करवतीखाली जातात त्या या फरकापायी.

आपल्याकडची सहकारी गृहनिर्माण संस्था पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. फ्लॅटवाल्यांनी मिळून इमारत आणि जमीन सांभाळायची, ही कल्पना आपल्याला नवी नाही, तिच्यातल्या भांडणांसकट. इंग्लंडनं २००२ च्या कायद्यात तसाच सामाईक मालकीचा मार्ग उघडला, पण फारच थोड्या इमारती त्यात आल्या. जुन्या इनसाठी तो मार्ग सक्तीचा करावा, असं माझं मत आहे. छप्पर, सज्जा, कमान आणि चौक सगळ्यांचं, खोल्या ज्याच्या त्याच्या. तसं केलं तर उभे काप घेण्याचं कारणच उरत नाही.

कराची गोष्टही सांगून टाकते. नवं घर बांधलं तर त्यावर मूल्यवर्धित कर शून्य, जुन्याची दुरुस्ती केली तर वीस टक्के. संरक्षित इमारतीतल्या परवानगी घेऊन केलेल्या बदलांना पूर्वी सूट होती, ती १ ऑक्टोबर २०१२ पासून गेली. जुनं सांभाळणाऱ्याला दंड आणि पाडून बांधणाऱ्याला सवलत, असा हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

आता चौकाकडे येते. संरक्षित इमारतींच्या यादीचा कायदा लाकूड, वीट, दगड फार चांगला सांभाळतो. मुख्य इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून असलेली पागासुद्धा त्याच्या संरक्षणाखाली येते. पण माणसांची ये-जा त्या कायद्याला दिसत नाही. चौकात प्रत्येक घराची गाडी उभी राहते, मग ‘माझी जागा’ म्हणून रेषा येते, रेषेवर कुंड्या येतात, कुंड्यांच्या जागी लाकडी कुंपण येतं, आणि शेवटी कमानीला फाटक. एकाही तुळईला धक्का न लावता इन बंद होतं.

याच्या उलट चित्र लंडनमध्ये आहे. साउथवर्कला बरो हाय स्ट्रीटवर एकेकाळी इनची रांग होती, कारण दक्षिणेकडून येणाऱ्याला शहरात शिरायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. १६७६ च्या आगीत त्यातली बरीच जळाली. जॉर्ज इन १६७७ मध्ये पुन्हा उभं राहिलं. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीनं त्याच्या दोन बाजू पाडल्या. उरलेली दक्षिणेची बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि सज्जे असलेलं लंडनमधलं हे शेवटचं इन. बाकीची गेली. कँटरबरीच्या यात्रेकरूंचं टॅबर्ड गेलं, व्हाइट हार्ट गेलं, किंग्ज हेड गेलं. पण त्यांचे चौक नाही गेले. टॅबर्डला पुढे टॅल्बट म्हणत, त्या टॅल्बट यार्डात आजही रस्त्यावरून शिरता येतं. व्हाइट हार्ट यार्ड, किंग्ज हेड यार्ड या गल्ल्या त्याच नावांनी तिथे आहेत. एकही जुना खांब शिल्लक नाही, तरी तिथून चालताना इनची रचना पायांना कळते. आमच्याकडे प्रत्येक खांब शिल्लक आहे आणि पायांना शिरायला जागा राहणार नाही.

आणखी एक उदाहरण मला अस्वस्थ करतं. सॉल्झबरीच्या जॉर्ज इनमध्ये १६६८ च्या जून महिन्यात रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स उतरला होता. रेशमी बिछाना मिळाला, जेवण उत्तम झालं, आणि निघताना बिल पाहून त्याचं डोकं फिरलं. त्या इनची माडी आजही आहे, खाली मात्र तळमजला मोकळा करून शॉपिंग मॉलचा रस्ता काढला आहे. अनेकांना तो अत्याचार वाटतो, आणि तळमजल्याचं लाकूड गेलं त्याचं दुःख मलाही आहे. पण सॉल्झबरीतला कुणीही माणूस आजही त्या इनखालून आत जातो. लाकूड राखून वाट बंद करणं आणि वाट राखून लाकूड घालवणं, या दोन्ही चुकाच आहेत; पहिलीला आपण चूक म्हणायलाही शिकलेलो नाही, म्हणून मी तिच्यावर जास्त बोलते आहे.

फाटकवाल्या शेजाऱ्यांचं म्हणणं मी नीट ऐकलं आहे. शनिवारी रात्री दारू प्यालेली मुलं चौकात येतात, बाटल्या फोडतात. एका घरात लहान बाळ आहे. एका बाईंची सायकल चोरीला गेली. ‘आम्ही घर विकत घेतलं, रस्ता नाही,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आवाजात थकवा होता, उर्मटपणा नव्हता. रात्रीच्या भीतीला उत्तर द्यायलाच हवं. पण दिवसा इथून जातं कोण? मागच्या गल्लीतल्या ऐंशीच्या पुढच्या आजी काठी टेकत बसथांब्यावर जातात. कमानीतून त्यांना दीडशे पावलं पडतात, वळसा घालून साडेचारशे. मी एकदा त्यांच्याबरोबर दोन्ही वाटा चालून मोजली आहेत. शाळेची मुलं जातात. भर पावसात माणसं कमानीखाली थांबतात, मोबाइल पुसतात, एकमेकांकडे पाहून हवेबद्दल दोन शब्द बोलतात आणि निघतात. हे शेकडो वर्षं चालत आलं आहे.

कायद्यात यासाठी जागा आहे, ती वापरायची इच्छा हवी. लोक एखादी वाट वीस वर्षं हक्कानं, विनाअडथळा वापरत असतील तर १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार ती सार्वजनिक वाट मानली जाऊ शकते. इनची घरं करायला परवानगी देतानाच नियोजन खातं मालकाशी करार करून घेऊ शकतं, १९९० च्या कायद्याचं १०६ वं कलम त्यासाठीच आहे. त्यात दोन अटी पुरेत. चौकाचे तुकडे करायचे नाहीत, आणि कमान दिवसा उघडी ठेवायची. परवानगी देऊन झाल्यावर, सात मालक झाल्यावर, त्यांच्यापैकी एकीनं बैठकीत उभं राहून विनवण्या करणं हा त्याचा मार्ग नव्हे. आमच्या परवानगीच्या कागदांत छपराच्या कौलांचा रंग आहे, खिडक्यांच्या काचांची जाडी आहे, कमानीतून कोण जाणार याबद्दल एक ओळ नाही.

आमच्या कमानीच्या आतल्या बाजूला, उजव्या हाताच्या खांबाला, गंजलेले दोन लोखंडी खुंट आहेत, एक कमरेच्या खाली आणि एक डोक्याच्या वर. जुन्या ओकच्या दाराच्या बिजागऱ्या त्यांच्यावर बसायच्या. म्हणजे इनलाही दार होतं. रात्री ते लागायचं, उशिरा आलेल्यासाठी दारातली माणसापुरती दिंडी उघडायची, आणि पहाटेच्या गाडीआधी दोन्ही फळ्या सताड उघडायच्या. नव्या फाटकाच्या नकाशात या खांबाला चार नवी भोकं दाखवली आहेत, त्यातलं एक थेट सुतारानं कोरलेल्या आकड्यावर येतं. संरक्षित इमारतीत असं भोक पाडायला वेगळी संमती लागते. ती मागणारा अर्ज आला की मी लेखी हरकत घेणार आहे. हरकतीबरोबर दुसरा नकाशाही देणार आहे. ओकच्या दोन फळ्या आणि एक दिंडी, त्याच जुन्या खुंटांवर, सकाळी सहाला उघडणारी आणि रात्री दहाला लागणारी. गावातल्या एका सुतारानं येऊन खुंट हलवून पाहिले. दोन्ही पक्के आहेत. वरच्याचा गंज खरवडला की झालं, असं तो म्हणाला.